गळ्यावर साज काढायचा तर कशानं? मेंदी, जाग्वा, फेस पेंट, हळद की तालमीची माती

तिसऱ्या वर्षाच्या सबमिशनला मी विषय घेतला कोल्हापुरी साज. काढायचा मात्र कागदावर नाही, थेट गळ्यावर. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, एका दुकानाच्या काचेसमोर चार संध्याकाळी उभी राहून स्केचेस केली. पारंपरिक साजाला २१ पानं असतात. १० दशावतारांची, ८ अष्टमंगलाची, २ माणिक-पाचूची आणि शेवटचं डोरलं. मधे जवमणी. मासा, कासव, वराह हे सगळं नखाएवढ्या जागेत बसवायला घेतलं की कुठलं मटेरियल किती पाण्यात आहे ते लगेच कळतं.

गळा दिला मावसभावानं. तो तालमीत जातो, मान चांगली रुंद आहे. पहिल्याच दिवशी ब्रश जरा दाबून टेकवला तर म्हणाला, "ताई, मान हाय ही, भिंत न्हवं."

आता ज्युनिअर्स विचारतात, कुठलं मटेरियल घेऊ? मी उलट विचारते, अंगावर किती वेळ राहायला हवंय, आणि उतरवणार कसं? रंगाचं आणि रेषेचं त्यानंतर बघू.

मेंदी सगळ्यांनाच आधी सुचते. कोन दहा-वीस रुपयांत मिळतो आणि हाताला सवय असते. माझी रेषही सुरेख सुटली. त्यानं रात्रभर मान अवघडून ठेवली, सकाळी खरवडली तर खाली फिकट केशरी. दोन दिवसांत थोडी तपकिरी झाली, चौथ्या दिवशी मासा कुठला आणि कासव कुठलं ते मलाच सांगता येईना. यात मेंदीची चूक नाही. तिच्यातलं लॉसोन हे रंगद्रव्य त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मृत पेशींच्या थराला धरतं. तळहात-तळपायाला तो थर जाड, म्हणून तिथं रंग चढतो. मानेला पातळ. तेव्हा काम हातापायांवरचं असेल तर डोळे झाकून मेंदी घ्या. साधी पावडर, लिंबाचा रस, साखर, निलगिरी तेलाचे थेंब, सहा-आठ तास अंगावर. ज्युरीच्या, म्हणजे काम परीक्षकांना दाखवायच्या दिवसाच्या, दोन दिवस आधी काढा, कारण रंग पूर्ण चढायला ४८ तास लागतात.

मानेला, पाठीला, दंडाला जाग्वा बरा. दक्षिण अमेरिकेतल्या जेनिपा अमेरिकाना या झाडाच्या कच्च्या फळाचा हा रस, तिथले आदिवासी पिढ्यान् पिढ्या त्यानं अंग रंगवतात. त्यातलं जेनिपिन त्वचेतल्या प्रथिनांशी जुळून निळसर काळं होतं. आपल्याकडे जेल ऑनलाइन मागवावं लागतं आणि मेंदीच्या मानानं चांगलंच महाग पडतं. मी अडीच तासांनी धुतलं तर मानेवर जवळजवळ काहीच नाही. पैसे गेले म्हणून तोंड पाडून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, "ताई, साज वर आलाय." गोंदणाच्या रंगाचा, वराहाच्या सुळ्यासकट. तो आठवडा ते पंधरा दिवस राहतो. पण चूक झाली तर तीही तेवढेच दिवस राहते, आणि तुमच्या बोटांवर सांडलेलंही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून दोन दिवस बघा. फळांची ॲलर्जी असणाऱ्याला लावूच नका.

हा काळेपणा स्वस्तात मिळतो म्हणून "काळी मेंदी" घ्यायच्या भानगडीत पडू नका. माझ्या आतेबहिणीनं एका जत्रेतल्या स्टॉलवर ती काढून घेतली होती. दहा मिनिटांत काळीकुळकुळीत, आणि तिसऱ्या दिवशी नक्षीच्याच आकाराचे फोड. मेंदी दहा मिनिटांत काळी होत नसते. बहुतेक वेळा त्यात केसांच्या कलपातलं पीपीडी हे रसायन असतं. युरोपात ते केसांच्या रंगातही २ टक्क्यांपर्यंतच चालतं, त्वचेवर लावायला परवानगीच नाही. एकदा शरीरानं त्याच्याशी वैर धरलं की पुढं साधा कलप लावला तरी चेहरा सुजू शकतो.

फेस पेंट, म्हणजे पाण्यानं ओला करून वापरायची वडी, फक्त फोटो काढायचे असतील तर सगळ्यात सोपा. रेष चुकली तर ओल्या कापसानं पुसायची. माणकाचा लाल आणि पाचूचा हिरवा मला यातच मिळाला. घाम आला की संपलं. ऑक्टोबरात दुपारी रंकाळ्यावर शूट ठेवलं हा माझा शहाणपणा, अर्ध्या तासात कूर्मावतार छातीवर उतरला होता. स्पिरिटवाले रंग घामाला दाद देत नाहीत, पण ते काढायलाही स्पिरिटच लागतं आणि दाढी केलेल्या मानेला ते झोंबतं. ॲक्रेलिक आणि पोस्टर कलर नकोच. डब्यावर नॉन-टॉक्सिक लिहिलेलं असलं तरी ते कागदासाठी असतात. ॲक्रेलिकचा वाळून प्लास्टिकसारखा पापुद्रा होतो आणि निघताना लव उपटतो. फ्रेमला लावायची सोनेरी पावडरही त्यातलीच.

सोन्यासाठी मी हळद घेतली. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्यानं सगळा माळ पिवळा होतो, तो रंग डोळ्यांत होता. तेलात कालवून लावली, उन्हात खरंच सोन्यासारखी दिसली. बारीक काम मात्र होत नाही, कडा पसरतात. संध्याकाळी भाऊ साबण लावून अंघोळीला बसला आणि मोरीतून ओरडला. मान लालभडक. मावशी धावत आली, तिला वाटलं कापलं. साबणातल्या क्षारानं हळद लाल होते, हळदीला चुना लावून कुंकू करतात तीच गोष्ट. पाण्यानं नीट धुतल्यावर लाली उतरली, पिवळी झाक मात्र दुसऱ्या दिवशीही होती. परफॉर्मन्स करणाऱ्या कुणीतरी हा बदल मुद्दाम वापरायला हवा. मला तेव्हा सुचलं नाही.

राहिली माती. कुस्तीचं खासबाग मैदान १९१२ चं, त्यामुळं तांबड्या मातीनं माखलेलं अंग या गावाला नवीन नाही. तालमीतल्या मातीत हळद, तेल, ताक, लिंबू कालवलेलं असतं. वस्तादांना विचारूनच दोन ओंजळी घेतली. त्यांनी एकच अट घातली, उरलेली परत आणून द्यायची. मातीनं नक्षी निघत नाही, तो नाद सोडा. ती बोटानं लिंपायची. वीसेक मिनिटांत वाळते, मान वळली की गळ्याच्या घडीपासून भेगा फुटतात. उतरवायची गरज नसते, ती स्वतःच गळून पडते. खरचटलेल्या कातडीवर तेवढी लावू नका.

त्या गळण्यावरच माझं काम उभं राहिलं. आदल्या दिवशी जाग्वानं साज काढला, ज्युरीच्या सकाळी त्यावर माती लिंपली. भाऊ स्टुलावर बसून सावकाश मान फिरवत राहिला. ढपले पडत गेले तसं आधी डोरलं दिसलं, मग मासा.

मार्क काय पडले ते सोडा. हात धुताना त्यानं विचारलं, "ह्यो अजून किती दिवस ऱ्हाणार?"

"आठ-दहा."

"मग तालमीत काय सांगू?"