पहिलीला घालताना नववीचं विचारा

दरवर्षी आरटीईचे, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याखाली खाजगी शाळांत राखीव असलेल्या मोफत जागांचे, ऑनलाइन अर्ज सुरू झाले की आमच्या वस्तीतल्या वाचनालयात मी पालकांचे अर्ज भरून देते. प्रश्न ठरलेला असतो: "ताई, नंबर लागला तर इंग्लिश मीडियमला घालावं, की मनपाचीच शाळा बरी?" मी आधी विचारते, पोरगं नववीला कुठे जाणार? त्यावर बहुतेकांकडे उत्तर नसतं.

शिक्षणहक्क कायद्याची हमी 6 ते 14 वयाची, म्हणजे पहिली ते आठवीची आहे. शाळांची तुलना करताना आठवीनंतर एक रेघ ओढा आणि अलीकडचं, पलीकडचं वेगवेगळं पाहा.

विनाअनुदानित खाजगी शाळेतल्या 25 टक्के राखीव जागांवर सोडतीत नंबर लागला, तर आठवीपर्यंत फी नाही, मुलाखत नाही, डोनेशन नाही. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, दिव्यांग अशा वंचित गटातल्या मुलांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना वार्षिक एक लाखाच्या आतला दाखला लागतो. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा यात येत नाहीत. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला या राखीव जागांतून सूट, असा नियम राज्याने फेब्रुवारी 2024 मध्ये आणला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी जुलैत रद्द केला. वाट उघडी आहे, तेव्हा पात्र असाल तर अर्ज जरूर करा.

फक्त नववीची तयारी पहिलीपासून ठेवा, कारण तिथून शाळा पूर्ण फी मागते. आमच्या वस्तीतल्या एका मुलीला आठवीच्या निकालाबरोबर नववीच्या फीचा कागद हातात मिळाला. रक्कम तिच्या आईच्या चार महिन्यांच्या पगाराएवढी होती. आठ वर्षं त्याच बाकावर बसलेली पोर, आणि त्या सुट्टीत घरात एकच विषय होता: शाळा सोडायची की कर्ज काढायचं. मला आजही त्याचा राग येतो.

जिल्हा परिषदेच्या किंवा मनपाच्या शाळेत पुस्तकं मिळतात, आठवीपर्यंत पोषण आहार असतो, शिक्षक पात्रता पाहून नेमलेले असतात. त्यांच्या मागे शाळाबाह्य कामं फार लावलेली आहेत, ते खरं. पण मोठी अडचण दुसरीच आहे. यातल्या बऱ्याच शाळा चौथीला, सातवीला नाहीतर आठवीला संपतात. दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत जायचं त्या वळणावरच मुलं गळतात, विशेषतः पुढची शाळा एसटीच्या अंतरावर असली तर मुली.

तिसरा पर्याय लोक विसरतात: खाजगी अनुदानित शाळा. संस्था खाजगी, पगार सरकारचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या बहुतेक हायस्कुलांचा कारभार असाच चालतो. अशा शाळा बहुधा पाचवी ते दहावी असतात, म्हणजे आठवीची रेघ मधल्या कुठल्यातरी वर्षात येते आणि मुलाला ती जाणवतही नाही. मुलींची शिकवणी फी बारावीपर्यंत माफ असते. सेमी इंग्रजीही अनेक ठिकाणी आहे. प्रवेशाच्या वेळी एक गोष्ट मात्र स्पष्ट विचारा: "ही तुकडी अनुदानित आहे ना?" एकाच इमारतीत शेजारच्या वर्गात विनाअनुदानित तुकडी असू शकते आणि तिची फी वेगळी असते.

आणि खिशातून फी भरून गल्लीतली छोटी इंग्रजी शाळा? हातावर पोट असलेल्या घराला मी हा सल्ला देत नाही. तिथे आठवीच्या आतही फीमाफी नाही, पलीकडेही नाही. घरात एक आजारपण आलं की फी थकते आणि दाखला अडवून ठेवला जातो. अशा वेळी घाबरू नका: आठवीपर्यंत दाखला नाही म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

उत्पन्नाचा भरवसा नसेल तर माझं मत सरळ आहे: चौथीपर्यंत जवळची मनपा किंवा झेडपीची शाळा, पाचवीपासून दहावीपर्यंत अनुदानित. आरटीईत नंबर लागला आणि पुढच्या दोन वर्षांच्या फीसाठी दरमहा थोडे पैसे बाजूला टाकता येत असतील, तर ती जागा सोडू नका.

जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला लिहून दिलं होतं की प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा. आज आपण चौदावर आहोत. 2020 च्या शैक्षणिक धोरणात 18 पर्यंतची भाषा आहे, कायदा मात्र चौदालाच थांबतो. त्यातच 2016 च्या दुरुस्तीनंतरच्या बालकामगार कायद्यात चौदानंतर धोक्याची कामं सोडून बाकी कामाला मुभा आहे. म्हणजे हमी संपते त्याच वर्षी दुकानात पोरगं ठेवून घेतलं तरी कोणी जाब विचारत नाही. नववीचा प्रवेश म्हणूनच उन्हाळ्यावर ढकलू नका. आठवीच्या दिवाळीनंतर अनुदानित हायस्कुलात स्वतः जाऊन या, मुख्याध्यापकांना भेटा.

ती मुलगी शेवटी तशाच एका हायस्कुलात नववीला आली. विज्ञानाचे मराठी शब्द अडतात, म्हणून संध्याकाळी वाचनालयात माझ्या शेजारी बसते.