तयार कूलंट घ्यावं की कॉन्सन्ट्रेट?

गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, बदलायचं म्हटलं की दुकानात दोन डबे समोर येतात: पाणी मिसळून तयार असलेलं आणि कॉन्सन्ट्रेट. कॉन्सन्ट्रेट लिटरमागे महाग दिसतं, पण निम्मं पाणी घातलं की बहुधा स्वस्तच पडतं. अडचण त्या पाण्याचीच. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात, म्हणून डिस्टिल्ड वॉटरच हवं. नुसतं टॉप-अप करायचं असेल तर मी डोळे झाकून तयार डबा घेईन. पण पूर्ण फ्लश केल्यावर, म्हणजे जुनं कूलंट काढून आतून पाण्याने धुतल्यावर, इंजिन ब्लॉकमध्ये बरंच पाणी उरतं. त्यावर तयार कूलंट ओतलं तर ते आणखी पातळ होतं. तिथे कॉन्सन्ट्रेटच कामाचं.

रंगावर मात्र दोन्हींत विसंबू नका. हिरवा, गुलाबी, निळा हा फक्त रंग आहे. मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन डब्यावर आहे का ते बघा. सिलिकेटवाला जुना प्रकार साधारण २ वर्षं चालतो, ऑरगॅनिक ॲसिडवाला ५ वर्षांपर्यंत. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका: त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी पण गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि जिवाला मुकतात. आणि इंजिन पुरतं गार झाल्याशिवाय रेडिएटरच्या झाकणाला हातही लावू नका.