१९११ पिस्तूल घ्यायचंय, पण .४५ की ९ एमएम? दोन्ही घेऊन, पैसे घालवून मग लिहितोय

आधीच सांगतो, मी डॅलसजवळ राहतो, इथला सिटिझन आहे आणि हे सगळं अमेरिकेतलं बोलणं आहे. आपल्याकडे लायसन्सवर पिस्तूल घेणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही, ९ एमएम तिथे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला मनाई असलेलं माप, तो .३२ नाहीतर .२२ घेतो (हे आकडे म्हणजे गोळीची जाडी, इंचात) आणि विषय मिटतो. आणि इथले एच-१बी वाले मित्र दर वेळी विचारतात म्हणून तेही एकदाच लिहून टाकतो, नॉनइमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून, आणि रेंजवर भाड्याने घेऊन फायर करणंही त्यातच येतं. तेव्हा उगाच मित्राबरोबर गेलोय म्हणून हातात घेऊ नका, आधी वकिलाला विचारा.

तर १९११. इथे सगळे नाइन्टीन इलेव्हन म्हणतात. जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, अमेरिकन आर्मीने मार्च १९११ मध्ये घेतलं आणि १९८५ मध्ये बेरेटाचं ९ एमएम पिस्तूल येईपर्यंत तेच मुख्य पिस्तूल होतं. सिंगल ॲक्शन, म्हणजे चाप फक्त घोडा सोडतो, ताणत नाही, घोडा आधीच मागे ताणलेला पाहिजे. त्यामुळेच चाप इतका हलका आणि छोटा लागतो की एकदा सवय झाली की बाकीची प्लॅस्टिकची पिस्तुलं स्टेपलर वाटायला लागतात.

मी पहिलं घेतलं ते .४५. दुसरा विचारही केला नाही. १९११ म्हणजे .४५ असं डोक्यात पक्कं, आणि त्याला कारणही आहे, अमेरिकन लोक फिलिपाइन्समध्ये मोरो लोकांशी लढत होते तेव्हा त्यांच्या .३८ रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या खाऊनही समोरचा माणूस थांबत नाही अशा तक्रारी आल्या, मग १९०४ मध्ये दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जनावरांवर आणि शवांवर चाचण्या केल्या (वाचवत नाही ते सगळं) आणि म्हणाले .४५ पेक्षा लहान नको. गंमत म्हणजे मी घेतलेलं स्वस्तातलं रॉक आयलंड कंपनीचं पिस्तूल तयार होतं कुठे, तर फिलिपाइन्समध्येच, मेट्रो मनिलातल्या मारिकिनात. पिस्तूल ठणठणीत आहे, फिनिश जरा ओबडधोबड, पण त्या पैशात तक्रार नाही.

पहिले दोन महिने मजा आली. .४५ चा धक्का लोक सांगतात तसा हाड मोडणारा वगैरे अजिबात नाही, कोणीतरी तळहात धरून मागे ढकलावा तसा आहे, सावकाश आणि जड. पुंगळी पण कशी बोटाएवढी जाड, जमिनीवर पडली की टण्ण आवाज येतो. पण बॉक्स संपला की पोटात गोळा यायचा. आमच्या इथे ९ एमएमची साधी प्रॅक्टिसची गोळी पंचवीस-सव्वीस सेंटला पडते, .४५ ची बेचाळीसच्या खाली मिळाली तर नशीब. शनिवारी दोनशे गोळ्या मारल्या की तीस-पस्तीस डॉलरचा फरक. म्हणजे मी दोनशेच्या ठिकाणी शंभर मारायला लागलो, मग पन्नास, मग एक शनिवार आड.

आणि नेम बिघडला. सगळ्या गोळ्या खाली डावीकडे. मी साइट्सना दोष दिला, चष्म्याला दिला. रेंजवर एक म्हातारे इन्स्ट्रक्टर आहेत, मी ९ एमएमचा विषय काढला की कोल्हापूरकराने पुण्याच्या मिसळीकडे बघावं तसं बघतात, त्यांनीच एकदा माझी मॅगझिन मागून घेतली, माझ्याकडे पाठ करून भरली आणि परत दिली. दोन गोळ्या नीट गेल्या. तिसऱ्याला मी चाप ओढला, क्लिक झालं, आवाज नाही, धक्का नाही, आणि पिस्तुलाचं तोंड मात्र दोन इंच खाली गेलेलं. डमी राउंड, म्हणजे न उडणारी खोटी गोळी, टाकला होता त्यांनी. म्हणजे गोळी सुटायच्या आधीच मी धक्क्याला घाबरून मनगट दाबत होतो. मागे दोन पोरं उभी होती, ती हसली नाहीत हे त्यांचे उपकार.

मग मी भाड्याने ९ एमएमची १९११ घेऊन बघितली, आणि खरं सांगायचं तर थोडा राग आला, हे आधी का नाही केलं म्हणून. तेच किलोहून थोडं जास्त लोखंड, तोच चाप, पण धक्का म्हणजे नुसती टिचकी. हिशोब बघा: .४५ ची २३० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) गोळी सेकंदाला साधारण ८३० फूट वेगाने जाते, ९ एमएमची ११५ ग्रेनची ११५० च्या आसपास. एनर्जी काढली तर दोन्ही साडेतीनशे फूट-पाउंडच्या जवळपास, फार फरक नाही. पण हाताला एनर्जी कळत नाही, हाताला वजन गुणिले वेग कळतं, आणि तिथे .४५ चा आकडा दीडपटीच्या जवळ जातो. शिवाय ९ एमएममध्ये रिकॉईल स्प्रिंग हलकी लागते त्यामुळे स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, सहज मागे येते, बायकोला .४५ ची स्लाइड ओढताना दर वेळी "अहो, हे जरा करून द्या" म्हणावं लागायचं, ९ एमएमची ती स्वतः ओढते आणि आता मलाच तिच्याकडून मागून घ्यावी लागते.

सहा महिन्यांनी स्प्रिंगफील्डची गॅरिसन ९ एमएममध्ये घेतली. नऊ गोळ्यांची मॅगझिन, .४५ मध्ये सात-आठ. आता उणी बाजू. हे पिस्तूल मुळात लांब काडतुसासाठी बनलेलं आहे आणि ९ एमएमचं काडतूस आखूड. म्हणून मॅगझिनच्या आत मागच्या बाजूला एक पट्टी किंवा खाच असते, गोळी पुढे सरकून बसावी म्हणून. नखाने चाचपलं तर लागते. सगळा खेळ त्या पट्टीवर. मी ऑनलाइन एका कंपनीच्या स्वस्त म्हणून चार मॅगझिन मागवल्या, त्यातल्या दोन दर तिसऱ्या गोळीला अडकायच्या, नाक वर करून गोळी नळीच्या तोंडाशी उभी, आणि कंपनी म्हणते पिस्तूल बदला. पिस्तुलाबरोबर आलेल्या मॅगझिनने आजवर हजारभर गोळ्यांत एकदाही त्रास दिला नाही. तेव्हा ९ एमएम घ्याल तर मॅगझिनवर कंजूषी नको, .४५ मध्ये तेवढं चालून जातं.

अजून एक, दुकानात कोणीतरी सांगेल की आत्ता .४५ घ्या, नंतर नळी बदलून ९ करा. नाही होत तसं. ९ च्या काडतुसाचं बूड लहान आहे, म्हणजे स्लाइडचं तोंड, पुंगळी ओढणारा एक्स्ट्रॅक्टर, ती बाहेर फेकणारा इजेक्टर, मॅगझिन सगळंच वेगळं. एवढ्यात दुसरं पिस्तूल येतं. ९ आणि .३८ सुपरमध्ये मात्र नळी, मॅगझिन, स्प्रिंग बदलून बऱ्याचदा भागतं, त्यांच्या बुडाचं माप जवळजवळ सारखं आहे.

.३८ सुपरचं काय? १९२९ चं कोल्टचं काडतूस, १९११ मध्ये लांबीला अगदी फिट बसतं, सुंदर चालतं, मेक्सिकोत लोकांचं प्रेम आहे त्यावर, आणि निकेलचा मुलामा दिलेलं कोल्ट .३८ सुपर बघितलं की माझ्या पण हृदयात कळ येते. पण गोळ्या महाग आणि आमच्या दुकानात कधी आहेत कधी नाहीत. १० एमएम (कोल्टचं त्यातलं १९११, डेल्टा एलीट, १९८७ मध्ये आलं) जंगलात अस्वलांच्या भागात फिरणाऱ्यांसाठी ठीक, डॅलसमध्ये अस्वल कुठून आणू.

स्पर्धेत उतरायचं असेल तर गणित वेगळं. यूएसपीएसए या इथल्या नेमबाजी संघटनेच्या सिंगल स्टॅक डिव्हिजनमध्ये (१९११ सारख्या एका रांगेच्या मॅगझिनवाल्यांसाठी) .४५ ने मेजर, म्हणजे जोरदार गोळीच्या गटात, खेळलात तर मॅगझिनमध्ये आठच गोळ्या, पण कडेला लागलेल्या गोळीला जास्त गुण. ९ ने मायनर, म्हणजे हलक्या गोळीच्या गटात, खेळलात तर दहा गोळ्या, पण कडेची गोळी महागात पडते. नेम पक्का असेल त्याने ९ घ्यावं. माझा नव्हता तरी मी ९ घेतलं, आणि पक्का झाला तो त्यामुळेच, कारण आता पुन्हा शनिवारी दोनशे मारतो. .४५ विकलं नाही, विकणार पण नाही, शेवटची एक मॅगझिन त्यानेच मारून घरी येतो. पण एकच घ्यायचं असेल आणि शिकायचं असेल तर ९, डोळे झाकून (म्हणजे उघडे ठेवून). ज्याच्याकडे आधीच एक ९ आहे आणि १९११ हौसेखातर पाहिजे, त्याने .४५ घ्यावं, तिथे माझा वाद नाही.

मागच्या उन्हाळ्यात सासरे आले होते. आर्मीतून रिटायर्ड, तिकडचं ९ एमएमचं इशापूरचं पिस्तूल वापरलेले, तेही ब्राउनिंगच्याच हाय-पॉवरवरून बनलेलं आणि सिंगल ॲक्शनच. व्हिसिटर व्हिसा असल्यामुळे मी त्यांना काचेच्या अलीकडेच बसवलं. माझं फायरिंग त्यांनी काही बघितलं नाही. ते बघत होते झाडूवाल्या पोराकडे, जो सगळ्यांच्या पुंगळ्या एका मोठ्या फावड्याने बादलीत भरत होता. "जावईबापू, मोजत नाहीत?" मी म्हणलं नाही. "आम्हाला एक कमी भरली तर गवतात तास तास शोधायला लावायचे." घरी येईपर्यंत तोच विषय.

परत जाताना त्यांच्या बॅगेत सॉक्सच्या आत .४५ ची एक पुंगळी सापडली, आठवण म्हणून घेतलेली. काढून घेतली, मुंबई एअरपोर्टवर रिकाम्या पुंगळीवरूनसुद्धा पोलिसांपर्यंत जातं. जरा रुसले. आता माझ्या टेबलावर आहे, पेन्सिलीच्या डब्याशेजारी, फोनवर दर वेळी विचारतात आहे ना अजून.