मण्यांची गुणसूत्रं, आणि संचात नसलेला दोरा

गुणसूत्रं शिकवायचा हा मण्यांचा संच गेली दोन वर्षं माझ्या वर्गात आहे. एकमेकांत खटकन बसणारे लाल आणि पिवळे मणी, आणि गुणसूत्रबिंदूच्या, म्हणजे गुणसूत्राच्या दोन जुळ्या प्रती जिथे जोडलेल्या असतात त्या जागी बसवायचे चुंबकाचे तुकडे. आईकडून आलेली लाल, वडिलांकडून आलेली पिवळी. एक लांब जोडी, एक आखूड जोडी. एवढ्यावर सूत्री विभाजन (एका पेशीच्या दोन सारख्या पेशी) आणि अर्धगुणसूत्री विभाजन (निम्मी गुणसूत्रं असलेल्या अंडपेशी-शुक्रपेशी) दोन्ही करून दाखवता येतात.

संच घ्यावा की नाही, तर घ्यावा. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, मग डीएनए दुप्पट झाल्यावर ९२ का म्हणायची नाहीत, हा प्रश्न दरवर्षी येतो आणि फळ्यावर कितीही आकृत्या काढल्या तरी काहींना तो सुटत नाही. इथे मुलगी चुंबकाने चिकटलेल्या दोन सारख्या माळा उचलते तेव्हा हातात एकच वस्तू येते. अर्धगुणसूत्रं, म्हणजे जुळ्या प्रती, दोन; गुणसूत्र एक. ओढून सोडवली की मगच दोन गुणसूत्रं. पुन्हा समजवावं लागत नाही.

प्रतिकरणाच्या, म्हणजे डीएनए दुप्पट होण्याच्या बाबतीत मात्र संच कमी पडतो. पुस्तिका सांगते, तयार माळेशेजारी तशीच दुसरी माळ ठेवा. एका मुलाने लगेच विचारलं, "मॅडम, यातली मूळ कुठली आणि नक्कल कुठली?" प्रश्न अगदी बरोबर होता, आणि गैरसमज संचानेच करून दिला होता. डीएनएचे दोन पदर सुटतात आणि प्रत्येक जुन्या पदरासमोर नवा पदर विणला जातो, त्यामुळे दोन्ही अर्धगुणसूत्रं निम्मी जुनी, निम्मी नवी असतात. मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ साली जड नायट्रोजन वापरून हेच दाखवून दिलं. माळेत एक पदरसुद्धा वेगळा दाखवता येत नाही, तर दोन कुठून दाखवणार? हा भाग मी आता संच बाजूला ठेवूनच शिकवते.

माझी खरी तक्रार पश्चावस्थेबद्दल, म्हणजे अर्धगुणसूत्रं वेगळी होतात त्या टप्प्याबद्दल आहे. पुस्तिकेत लिहिलंय, "अर्धगुणसूत्रे ओढून वेगळी करा." मुलं ओढतात, चुंबक टक्कन सुटतो, आणि ओढल्यामुळे ती वेगळी होतात हे डोक्यात पक्कं बसतं. पेशीत तसं होत नाही. प्रतिकरण चालू असतानाच कोहेसिन नावाच्या प्रथिनाची कडी दोन्ही अर्धगुणसूत्रांना एकत्र धरून ठेवतात. त्याआधीच्या मध्यावस्थेत तर्कूचे, म्हणजे गुणसूत्रांना पेशीच्या दोन टोकांकडे खेचणाऱ्या रचनेचे, धागे दोन्ही बाजूंनी ओढत असतात, तरीही ती सुटत नाहीत. तो ताणच जोडणी बरोबर झाल्याची खूण असतो. एकही गुणसूत्र धाग्याला जोडायचं राहिलं असेल तर पेशी थांबते. सगळी जोडली गेली की सेपरेज हे विकर (एन्झाइम) मोकळं होतं आणि उरलेली कडी कापतं. आधी कापणं, मग जाणं.

म्हणून मी शिवणाचा दोरा आणला. दोन माळा चुंबकापाशी आणि बाहूंवर, म्हणजे चुंबकाच्या दोन्ही बाजूंच्या भागांवर, तीन-चार ठिकाणी सैलसर बांधल्या. दोघांनी दोन टोकांनी ताणून धरायचं आणि तिसऱ्याच्या हातात कात्री. दोरा कापेपर्यंत वर्ग चिडीचूप असतो.

अर्धगुणसूत्री विभाजनात तर या दोऱ्यामुळे मलाच नव्याने काही दिसलं. लाल आणि पिवळ्या माळेची टोकं अदलाबदल केली आणि दोरे तसेच ठेवले, तर दोन्ही समजात गुणसूत्रं (एकाच जोडीतली, आईकडचं आणि वडिलांकडचं) एकमेकांत अडकून राहिली! नुसत्या चुंबकांवर ती लगेच निसटतात. बाहूंवरचे दोरे कापले की जोडी सुटते, गुणसूत्रबिंदूजवळचा दोरा दुसऱ्या विभाजनापर्यंत ठेवायचा. पेशीतही ती कडी शुगोशिन हे प्रथिन जपतं. स्त्रीच्या अंडपेशींत हे विभाजन तिच्या जन्माआधीच सुरू होऊन थांबतं, म्हणजे ही कडी कित्येक वर्षं टिकावी लागतात. वय वाढतं तसं २१व्या गुणसूत्राची जादा प्रत येण्याचं प्रमाण वाढतं, त्यामागे कडी कमकुवत होणं हे एक महत्त्वाचं कारण मानलं जातं. हे मी हातात सैल दोरा धरून सांगते, आणि ते मुलांपर्यंत पोचतं.

आता वस्तूबद्दल. नवे मणी फार घट्ट असतात, पहिल्या दिवशी बोटं दुखतात, पण आठवडाभरात सैलावतात. रंग टिकलेत. आमच्या संचात एका तुकड्यातला चुंबक उलटा बसवलेला निघाला, त्यामुळे जुळी अर्धगुणसूत्रं एकमेकांना ढकलायची. ते भर तासात, तीस मुलांसमोर कळलं. कळवल्यावर तुकडा बदलून मिळाला, पण तोवर तो धडा पुढे गेला होता. तेव्हा संच आला की आधी घरी सगळे चुंबक जोडून बघा, आणि पेटीत दोऱ्याचं एक रीळ आणि छोटी कात्री टाकून ठेवा.