बोटीतली सुटलेली पट्टी: स्क्रू, सीलंट की टेप?

केबिनमधली लाकडी पट्टी लाटांबरोबर कटकट वाजायला लागली की हात आधी गोंदाच्या ट्यूबकडे जातो. जरा थांबा. पट्टीमागे काय आहे ते आधी बघा: वायर, पाण्याची नळी, की डेकवरच्या एखाद्या बोल्टचा नट? तिथे पुन्हा कधी हात घालावा लागणार असेल, तर कायमचा गोंद बाद. माझ्या मते निम्मी निवड इथेच होते.

बहुतेक जागी मी स्क्रूच्याच बाजूने आहे. जुना स्क्रू नुसता फिरतो, कारण भोक मोठं झालेलं असतं. त्यात जाड स्क्रू कोंबू नका. आतला काळपट, भुसभुशीत भुगा खरवडून काढा, भोक पूर्ण वाळू द्या, इपॉक्सीत (दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या गोंदात) बुडवलेली लाकडाची पाचर ठोका आणि ती कडक झाल्यावर नवं बारीक भोक पाडा. भुगा बोटांना ओलसर लागला, तर दुखणं पट्टीचं नाही, वरच्या खिडकीच्या चौकटीतून किंवा डेकच्या बोल्टमधून पाणी पाझरतंय. ते बंद केल्याशिवाय पट्टीला हात लावू नका, नाहीतर तेच लाकूड पुन्हा कुजेल.

स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा घ्या. पितळी स्क्रू सागवानावर छान दिसतो, पण खाऱ्या ओलीत त्यातलं जस्त निघून जातं आणि काढताना डोकंच तुटून हातात येतं. ड्रिलच्या पात्यावर टेप गुंडाळून खोलीची खूण करा. बोटीच्या बाहेरच्या फायबरच्या कवचात, पाण्याच्या रेषेखाली तर मुळीच, भोक पाडायचं नाही.

मागे काहीच नसेल आणि पट्टी थेट फायबरवर बसत असेल, तिथे पॉलियुरेथेन सीलंट उत्तम. त्यातही फरक आहे: थ्रीएम कंपनीचं ५२०० जवळजवळ कायमचं, उचकटताना लाकूड किंवा जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) सोबत घेऊन येतं. त्यांच्याच ४२०० ची पकड कमी, पुढे काढता येतं. केबिनमधल्या पट्टीसाठी दुसरंच पुरे. सागवान तेलकट असतं, म्हणून चिकटवण्याआधी ते ॲसिटोनने पुसा. सिलिकॉन मात्र नको. ते निघालं तरी त्याचा थर मागे राहतो आणि त्यावर ना रंग धरतो ना दुसरा गोंद.

दुहेरी चिकट फोम टेप हलक्या, सपाट पट्टीला चालते. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दाबून लावा, पूर्ण पकड यायला सुमारे ७२ तास द्या. पण पट्टी वाकवून बसवलेली असेल तर ती सतत सरळ व्हायला बघते आणि टेप कडेपासून सुटत जाते. तिथे टोकाला स्क्रूच हवा.

छताचं व्हिनाइल लोंबत असेल तर वेगळंच प्रकरण. दोष गोंदाचा नसतो, त्यामागचा फोम पिठासारखा झालेला असतो. तो पूर्ण खरवडल्याशिवाय कोणताही गोंद धरणार नाही.

वारंवार काढावं लागणारं पॅनेल असेल, तर मी तिथे हूक-लूपच्या (व्हेल्क्रोसारख्या) पट्ट्या लावतो: चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक.