जुन्या पेट्रोल गाडीला करंट नाही? कॉइलच्या नावानं अशी फसवणूक होते

पॉइंटवाला डेल्को (म्हणजे डिस्ट्रिब्युटर, प्रत्येक प्लगला ठिणगीचा करंट वाटणारा; पॉइंट म्हणजे त्यातला उघडझाप करणारा छोटा स्विच) असलेली जुनी पेट्रोल जीप किंवा पिकअप ज्यांच्याकडे आहे, त्यांनी हे नीट वाचावं. डिझेल ट्रकवाल्यांनी सोडलं तरी चालेल, तिथं स्पार्कचा संबंधच नाही.

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात माल टाकून निघालेली अशीच एक पिकअप पावसात बंद पडली. सेल्फ जोरात फिरतोय, पेट्रोल येतंय, पण करंट नाही. टोचन करून हायवेलगतच्या एका गॅरेजात नेली. मिस्त्रीनं एचटी वायर (कॉइलमधून, म्हणजे बारा व्होल्टचा ठिणगीपुरता जबर व्होल्टेज करणाऱ्या डब्यातून, येणारी जाड वायर) इंजिनाजवळ धरून दाखवली, ठिणगी पडेना. "मालक, कॉइल गेली. डेल्कोबी आतनं खल्लास हाय, दोन्ही बदलाय लागतंय." मालक चहाला जाऊन येईस्तोवर गाडी चालू! बिल साध्या कागदावर, जुने पार्ट म्हणे भंगारात गेले. महिना भरायच्या आत पॉइंट जळून गाडी परत उभी. उद्यमनगरातल्या एका जाणत्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, तर डेल्कोच्या क्लॅम्पच्या बोल्टवर धुळीनं थिजलेलं जुनं ग्रीस जसंच्या तसं. डेल्को एकदाही बाहेर निघाला नव्हता, वरून फक्त रॉकेलनं पुसला होता. कॉइल बदलली होती, पण चुकीची.

खापर कॉइलवरच का फुटतं? कॉइल सीलबंद असते, आत काय झालंय ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. प्रत्यक्षात बऱ्याचदा दोष स्वस्तातल्या वस्तूत सापडतो: काजळलेले पॉइंट, शॉर्ट झालेला कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारा छोटा डबा), कॅपच्या म्हणजे डेल्कोच्या झाकणाच्या आत धरलेला दमट थर, किंवा डेल्कोतली ती बारीक लवचिक वायर. पॉइंटखालची प्लेट इंजिनाच्या व्हॅक्यूमनं सारखी हलते, त्यामुळे ही वायर आवरणाच्या आत तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते.

पॉइंटच्या मध्ये कागदाचा कपटा सरकवला, की चांगल्या गाडीचाही करंट जातो. नवी कॉइल बसवताना कपटा काढला, की गाडी चालू. ही लबाडी पकडायला बारा व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन वायरी पुरतात. बल्बची एक वायर कॉइलच्या निगेटिव्हला, म्हणजे डेल्कोकडे वायर जाते त्या टोकाला, आणि दुसरी अर्थला. चावी ऑन करून सेल्फ मारा. बल्ब लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करताहेत, प्रायमरी (कॉइलमधलं बारा व्होल्टचं वेटोळं) ठीक आहे. सतत पेटून राहिला तर पॉइंटमधून करंट जातच नाही: काजळी, तुटलेली वायर, नाहीतर तो कपटा. पण बल्ब पेटला याचाच अर्थ करंट कॉइलच्या प्रायमरीतून येतोय, म्हणजे ती तुटलेली नाही. बल्ब पेटलाच नाही, तर डेल्कोची वायर कॉइलवरून सोडा. आता पेटला तर शॉर्ट डेल्कोत आहे. आधी कंडेन्सर सोडून बघा. डेल्कोची वायर सोडूनही अंधारच असेल तर कॉइलच्या पॉझिटिव्हला बल्ब लावा. तिथं सप्लाय नसेल तर दोष चावीत किंवा वायरिंगमध्ये. तिथं सप्लाय असून निगेटिव्ह कोरडा असेल, तेव्हा कॉइल गेली म्हणायचं.

बल्ब लुकलुकतोय आणि ठिणगी नाही, तर कॉइलची मधली एचटी वायर इन्सुलेटेड पकडीनं ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरा. आसपास पेट्रोल सांडलेलं नको. इथं निळी, कडक ठिणगी आली आणि प्लगला आली नाही, तर कॅप आणि रोटर (कॅपखाली फिरणारा तुकडा) बघा. कॅपच्या मधला कार्बन झिजलेला असतो, नाहीतर रोटर आतून शाफ्टला करंट सोडतो. आणि हो, सगळ्याच्या आधी कॅप काढून सेल्फवर रोटर फिरतोय का ते पाहा. फिरत नसेल तर काम खरंच मोठं आहे, तिथं मिस्त्रीवर संशय नको.

आता त्या चुकीच्या कॉइलबद्दल. बॅलास्ट (कॉइलच्या आधी लावलेला, करंट कमी करणारा रेझिस्टर) नसलेल्या जुन्या गाडीला साधारण 3 ओहमची कॉइल लागते. बॅलास्टबरोबरची सुमारे 1.5 ओहमची असते. दुसरी थेट बारा व्होल्टवर लावली, की चारऐवजी आठ अँपियर ओढते. ठिणगी सुरुवातीला झकास, मिस्त्री खूश, मालक खूश, आणि मग पॉइंट जळतात, कॉइल तापते, गिऱ्हाईक परत दारात. म्हणून बसवण्याआधी मीटरनं प्रायमरी मोजायला लावा. जुनी कॉइल मोजायची तर गरम असतानाही मोजा. थंड असताना बरोबर दाखवणारी कॉइल तापल्यावर तुटू शकते. पॉइंटचा गॅप सहसा 0.4 मिलिमीटरच्या आसपास असतो, तुमच्या मॅन्युअलमधला आकडा खरा धरा.

गाडी सोडतानाच सांगा, "जुने पार्ट डिकीत टाका." कॉइल, पॉइंट, कॅप यांचा मोबाइलवर फोटो काढा, डेल्कोवर रंगाची एक खूण करा. बिल पक्कं, पार्टच्या नंबरासह घ्या. ते असेल तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि तिथं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. मुदत दोन वर्षांची, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. साध्या कागदावरच्या बिलावर मात्र गॅरेजवाला सरळ म्हणतो, "ही गाडी आमच्याकडं आलीच न्हवती."