ब्रेक धरला एका चाकाने, बिल लावलं अख्ख्या गाडीचं

पावसाळ्यात ज्यांची गाडी महिना-दोन महिने दारात उभी होती, त्यांनी लांब निघायच्या आधी हे वाचा. लिहायला लाज वाटतेय. पण माझे २८,२०० रुपये गेले ते गेले, तुमचे जाऊ नयेत.

पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, मागे ७८ वर्षांची आई. शिरवळपासूनच गाडी जड लागत होती. खंबाटकी चढताना तर ओढेचना, आणि जळका वास यायला लागला. आधी वाटलं क्लच गेला. वर गेल्यावर बाजूला घेऊन उतरलो. पुढच्या डाव्या रिमजवळ हात नेववत नव्हता, इतकी धग. उजवं रिम जेमतेम कोमट. म्हणजे डाव्या चाकाचा ब्रेक धरून बसलाय, एवढं मलाही कळलं होतं. हे मुद्दाम सांगतोय.

हळूहळू घाट उतरलो आणि हायवेलगतच्या पहिल्या गॅरेजमध्ये शिरलो. मालकाने आईला खुर्ची दिली, चहा मागवला. पोराने जॅक लावला. उजवं चाक एका हाताने ढकललं, ते गरगर फिरलं. डावं दोन्ही हातांनी हलेना. मग त्याने डाव्या कॅलिपरचं, म्हणजे चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचं, निपल (ऑइल बाहेर काढायची छोटी तोटी) पान्याने सैल केलं. कोऱ्या चहासारखं काळपट ब्रेक ऑइल बाहेर आलं. पोराने चाक परत फिरवून पाहिलं. तसंच घट्ट. मालक लांबूनच म्हणाला, "साहेब, मास्टर सिलिंडर गेला. बूस्टरपण बदलायला लागेल. दोन्ही कॅलिपर टाकून घ्या, आजींना घेऊन रिस्क नको."

मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग, आणि बूस्टर म्हणजे पायाचा जोर वाढवणारा. मी मान डोलावली. त्या क्षणाचा राग अजून जात नाही. निपल उघडल्यावर आत अडकलेला दाब निघून जातो. दाब गेला आणि चाक मोकळं झालं, तर दोष कॅलिपरपर्यंत ऑइल नेणाऱ्या होस पाइपचा किंवा वर मास्टर सिलिंडरकडचा. दाब जाऊनही चाक मोकळं झालं नाही, तर दोष तिथेच चाकापाशी आहे, कॅलिपर ज्यावर सरकतो ती पिन नाहीतर पॅड ढकलणारा पिस्टन जाम. शिवाय बहुतेक छोट्या गाड्यांत ब्रेकच्या लाइनी तिरक्या जोडीने (पुढचं डावं आणि मागचं उजवं एकत्र) असतात, त्यामुळे मास्टर सिलिंडर धरला तर सहसा एकटं चाक तापत नाही. बूस्टर धरला तर चारही चाकं जड होतात. माझं एकच तापलं होतं, दुसरं माझ्यासमोर मोकळं फिरत होतं. त्या पोराने खरं निदान माझ्या डोळ्यांदेखत करून दाखवलं आणि मालकाने त्याच्या बरोबर उलटं सांगितलं. मी तीन फुटांवर उभा होतो.

लोक म्हणतात, तुम्ही शिकलेले, तुम्ही कसे फसलात? अंधार पडत होता, आईची गोळीची वेळ झाली होती, आणि ब्रेकचं प्रकरण होतं. एसी बंद पडला असता तर मी घासाघीस केली असती. ब्रेक म्हटल्यावर माणूस घाबरतो, आणि त्यांना नेमकं तेच हवं असतं.

अडीच तासांनी हिशेब हातात आला. मास्टर सिलिंडर ४,८५०, बूस्टर ६,९००, दोन कॅलिपर ८,४००, डिस्क पॅड ३,६५०, ब्रेक ऑइल ९००, मजुरी ३,५००. जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारवाला आत्ताच घेऊन गेला. रात्री आठ वाजता कुठला भंगारवाला येतो? कॅलिपरला बोट लावलं तर बोटाला काळा रंग लागला, स्प्रेचा वास येत होता. विचारलं तर म्हणाला, "नवीन मालाला कंपनीचं कोटिंग असतं." पक्कं बिल मागितलं तर वर १८ टक्के द्या म्हणाला. त्याच्या फोनवर २०,००० पाठवले, ८,२०० रोख मोजले. हाती आला वहीतून फाडलेला कागद, त्यावर शिक्का नाही.

जुने पार्ट गाडीला हात लावायच्या आधी मागून ठेवा, नंतर नाही.

अकराव्या दिवशी पसरणी घाटात तोच वास, तेच चाक. या वेळी गावातल्या जुन्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी कॅलिपर उतरवला आणि चिंधीने पुसला. काळ्या रंगाखाली जुना गंज, आणि रंग निपलच्या रबरी टोपीवरही उडालेला. कॅलिपर माझाच होता. बूस्टर माझाच. मास्टर सिलिंडर नुसता पेट्रोलने धुतलेला. खालची सरकणारी पिन गंजून बसली होती, पकडीने पिळून पिळून काढावी लागली. पिन सरकली नाही की कॅलिपर मागे येत नाही आणि पॅड डिस्कला घासत राहतो. आतला पॅड पत्र्याला टेकलेला, बाहेरचा अर्धा शिल्लक. म्हणजे पॅडही बदलले नव्हते, नुसते मागे ढकलून तेलाचा फवारा मारला होता, म्हणून दहा दिवस चाललं. पिनचा किट ३५०, पॅड १,४५०, मजुरी ६००. एकूण २,४००. पिनला त्यांनी रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावू देऊ नका, रबर फुगतं आणि पिन परत अडकते.

पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी, "गॅरेज आमच्या हद्दीत येत नाही." ज्या हद्दीत येतं तिथे गेलो तर, "हे दिवाणी आहे, ग्राहक कोर्टात जा." जुना पार्ट रंगवून नवा म्हणून विकणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, मी कागद छापून नेला होता. हवालदार म्हणाले, "काका, बिल आहे का?" परिवहन कार्यालयात गेलो तर "गॅरेजवाल्यांशी आमचा संबंध नाही." फोनवर तक्रार नोंदवली, तिथेही बिलाचा नंबर पाहिजे. अहो, बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! चार खेटे, दोन रजा, पेट्रोल वेगळं. ज्याने लुटलं त्याला एक साधा फोन कुणी केला नाही.

रोख देऊ नका. मी पाठवलेले २०,००० भलत्याच नावाच्या खात्यावर गेलेत, तेही मी घरी येऊन पाहिलं. पैसे पाठवताना नाव वाचा. चाक काढलं की मोबाइलवर व्हिडिओ घ्या, मालक नको म्हणाला तर गाडी खाली उतरवून निघा. आणि ड्रमवाली मागची चाकं असतील तर पावसाळ्यात गाडी हॅण्डब्रेक ओढून महिनाभर उभी करू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

जिल्हा ग्राहक आयोगात आता स्वतःच अर्ज केलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, वकील लागतोच असं नाही. वहीचा कागद, पैसे पाठवल्याची नोंद आणि मिस्त्रींचं लेखी म्हणणं जोडलंय. ती गंजलेली पिन प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलीय.

घरी मी १२,००० सांगितले होते. खरा आकडा बायकोला आज सकाळी सांगितला, आणि मग हे लिहायला बसलो.